पगारमर्यादेत बसण्यासाठी नेमका कोणाचा करार बदलावा?

मिरकरवाडा, रत्नागिरी

नमस्कार. माझा प्रश्न अमेरिकेतील फुटबॉलच्या, म्हणजे एनएफएलच्या, पगारमर्यादेविषयी आहे. रत्नागिरी, चिपळूण आणि दापोलीतील आम्ही काही मित्र एनएफएलचे करारविषयक नियम जसेच्या तसे लावून आपसांत संघव्यवस्थापनाची एक स्पर्धा चालवतो. प्रत्येकाकडे एक संघ असतो. करार कागदावर मांडायचे, मर्यादेचा हिशेब ठेवायचा आणि दरवर्षी मार्चमध्ये नवे आर्थिक वर्ष सुरू होण्याआधी संघ मर्यादेच्या आत आणायचा, असे तिचे स्वरूप आहे. खेळाडूंच्या बाजूने बोलण्याचे काम आमच्यातील एक मित्र करतो, त्यामुळे पगार कमी करायचा असेल तर त्याची संमती मिळवावी लागते.

२०२५ साठी मर्यादा २७ कोटी ९२ लाख डॉलर आहे आणि माझ्या संघाची बेरीज २९ कोटी २ लाख होते. म्हणजे मी १ कोटी १० लाखांनी वर आहे. शिवाय बचावफळीसाठी एक कॉर्नरबॅक, म्हणजे प्रतिस्पर्ध्यांच्या झेल घेणाऱ्यांना रोखणारा खेळाडू, घ्यायचा असून त्याचा यंदाचा भार सुमारे ६० लाख असेल. एकूण १ कोटी ७० लाखांची जागा मला हवी आहे.

ही जागा तीन करारांतून निघू शकते. क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून आक्रमण चालवणारा खेळाडू, २७ वर्षांचा असून त्याच्या कराराची यंदाचे धरून चार वर्षे उरली आहेत. त्याचा यंदाचा मूळ पगार २ कोटी ४० लाख आहे आणि जुन्या बोनसचा ५० लाखांचा हप्ता दरवर्षी त्याच्या नावावर पडतो. रिसीव्हर, म्हणजे फेकलेला चेंडू झेलणारा, ३१ वर्षांचा असून त्याची दोन वर्षे उरली आहेत. मूळ पगार दोन्ही वर्षी १ कोटी ४० लाख आणि जुन्या बोनसचा हप्ता ४० लाख. डावीकडचा टॅकल, म्हणजे क्वार्टरबॅकचे रक्षण करणारा, ३३ वर्षांचा आहे, त्याचे हे शेवटचे वर्ष आहे आणि पगार ९० लाख.

दर वसंतात अमुक संघाने करारांची पुनर्रचना करून दोन-तीन कोटी डॉलर मोकळे केले, अशा बातम्या येतात. आपल्याकडे आयपीएलमध्ये संघाला ठरावीक रक्कम (२०२५ साठी १२० कोटी रुपये) दिली की लिलावात बोललेली पूर्ण रक्कम त्यातून वजा होते आणि प्रो कबड्डीत ५ कोटींच्या थैलीचेही तसेच असते. मग अमेरिकेत मर्यादा कडक म्हणतात, तरी एका सहीने एवढी जागा कुठून तयार होते? कराराच्या शेवटी केवळ नावापुरती जोडतात त्या व्हॉइड वर्षांचा उपयोग करावा का? आणि या तिघांपैकी कोणाच्या कराराला हात लावावा?

वाशिष्ठीकाठ, चिपळूण

मी व्यवसायाने लेखापाल असल्यामुळे या विषयात मला मनापासून रस आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

एनएफएलच्या हिशेबात खेळाडूला दिलेला पैसा आणि मर्यादेवर पडणारा भार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मूळ पगार ज्या वर्षाचा, त्याच वर्षी तो पूर्ण मोजला जातो. सही करताना दिलेला बोनस मात्र रोख एकदम दिला तरी कराराच्या उरलेल्या वर्षांत समान वाटला जातो आणि ही वाटणी जास्तीत जास्त पाच वर्षांची असते. पुनर्रचना म्हणजे यंदाच्या मूळ पगाराचा मोठा भाग बोनसमध्ये बदलणे. खेळाडूला मिळायची रक्कम एका डॉलरनेही कमी होत नाही. उलट हंगामात दर आठवड्याला मिळणारा पैसा त्याला आधीच आणि खात्रीने मिळतो. म्हणूनच खेळाडू सहसा नकार देत नाहीत आणि अनेक करारांत तर असे रूपांतर त्यांना न विचारता करण्याचा अधिकार संघाने आधीच लिहून घेतलेला असतो. तळाशी लागू असलेला किमान पगार तेवढा ठेवावा लागतो. सात किंवा अधिक वर्षांचा अनुभव असलेल्या खेळाडूसाठी तो २०२५ मध्ये १२ लाख ५५ हजार डॉलर आहे.

आता यातून किती जागा निघते ते पाहू. रूपांतरित रक्कम उरलेल्या वर्षांत समान वाटली जात असल्याने तिचा एक हप्ता यंदाच मोजावा लागतो आणि बाकीचे पुढे जातात. चार वर्षे उरली असतील तर रकमेचा तीन चतुर्थांश भाग यंदापुरता मोकळा होतो, तीन वर्षे असतील तर दोन तृतीयांश, दोन असतील तर निम्मा, आणि एकच वर्ष असेल तर काहीच नाही. आपल्या टॅकलच्या बाबतीत म्हणूनच साध्या पुनर्रचनेचा उपयोग शून्य आहे.

क्वार्टरबॅकच्या मूळ पगारातील २ कोटी २० लाख बोनसमध्ये बदलले, तर ५५ लाखांचे चार हप्ते होतील आणि यंदा १ कोटी ६५ लाख मोकळे होतील. रिसीव्हरचे १ कोटी २० लाख बदलले, तर ६० लाख मोकळे होतील. पण पुढच्या वर्षी, तो ३२ वर्षांचा असताना, त्याचा भार १ कोटी ४० लाख, जुना हप्ता ४० लाख आणि नवा हप्ता ६० लाख मिळून २ कोटी ४० लाख होईल. तो एवढ्या किमतीचा राहील असे आपल्याला वाटते का, हे आधी ठरवावे.

पुढे ढकललेला हप्ता त्या खेळाडूला चिकटलेला असतो. त्याला मुक्त केले, दुसऱ्या संघाला दिले किंवा तो निवृत्त झाला, तर उरलेले सगळे हप्ते गोळा होऊन आपल्याच मर्यादेवर येतात. तिकडे याला डेड मनी म्हणतात. अटलांटाने २०२२ च्या मार्चमध्ये आपला क्वार्टरबॅक मॅट रायन याला इंडियानापोलिसकडे दिले, तेव्हा त्याचा पगार नव्या संघाकडे गेला, पण वारंवार पुढे ढकललेल्या बोनसचे ४ कोटी ५ लाख डॉलर त्या वर्षी अटलांटाच्याच खात्यावर राहिले. डेन्व्हरने २०२४ मध्ये क्वार्टरबॅक रसेल विल्सनला सोडले, त्याचा भार तर ८ कोटी ५० लाखांचा होता आणि तो २०२४ व २०२५ अशा दोन वर्षांत विभागावा लागला.

माझा सल्ला असा. क्वार्टरबॅकचे फक्त १ कोटी ६० लाख बदलावेत. त्याचे ४० लाखांचे चार हप्ते होतील आणि १ कोटी २० लाख मोकळे होतील. उरलेले ५० लाख रिसीव्हरचा पगार खरोखरच ९० लाखांपर्यंत कमी करून मिळवावेत. त्याला आज मुक्त केले तर १ कोटी ८० लाखांच्या भारातून जुन्या बोनसचे ८० लाख वजा जाऊन १ कोटी मोकळा होतो, म्हणजे वाटाघाटीत आपली बाजू मजबूत आहे. कापलेले ५० लाख कामगिरीच्या अटीवर परत देऊ करावेत. गेल्या वर्षी त्याने जो आकडा गाठला नव्हता, तो अट म्हणून ठेवला, तर ती रक्कम मिळण्याची शक्यता कमी मानली जाते आणि यंदाच्या मर्यादेत मोजली जात नाही. त्याने तो आकडा गाठलाच, तर ती पुढच्या वर्षाच्या हिशेबात येते. पगारकपातीने मोकळी झालेली जागा खरी बचत असते, कारण तिच्या मागे कोणताही हप्ता उरत नाही.

हर्णैकर

वरचे विवेचन अगदी पटले. बंदरावर राहणाऱ्यांसाठी एवढेच जोडतो की हे आपल्या खलाशांच्या उचलीसारखे आहे. हंगामाआधी मालक उचल देतो आणि ती पुढे हळूहळू वळती होते. खलाशी मध्येच होडी सोडून गेला तर दिलेली रक्कम मालकाच्याच वहीत अडकते.

व्हॉइड वर्षांबद्दल मात्र मी स्पष्ट विरोध नोंदवतो. ही वर्षे केवळ वाटणीसाठी कराराच्या शेवटी जोडलेली असतात. त्या वर्षांत खेळाडू खेळणार नसतो आणि करार ठरलेल्या तारखेला आपोआप संपतो. आपल्या टॅकलला चार व्हॉइड वर्षे जोडली आणि ७५ लाख बोनसमध्ये बदलले, तर १५ लाखांचे पाच हप्ते होतील आणि ६० लाख मोकळे होतील. कॉर्नरबॅकची किंमत नेमकी तेवढीच असल्यामुळे मोह होणे स्वाभाविक आहे. पण पुढच्या मार्चमध्ये टॅकल निघून गेला की उरलेले चारही हप्ते, म्हणजे तेच ६० लाख, एकदम २०२६ वर पडतील, आणि त्याच वर्षी त्याच्या जागी नवा टॅकलही विकत घ्यावा लागेल. एका जागेसाठी दोन खेळाडूंचा भार वाहावा लागेल.

न्यू ऑर्लिन्सचे उदाहरण डोळ्यांसमोर ठेवावे. क्वार्टरबॅक ड्रू ब्रीजच्या शेवटच्या वर्षांत जिंकण्याची संधी आहे म्हणून त्या संघाने जवळजवळ प्रत्येक मोठा करार पुढे ढकलला. २०२१ च्या सुरुवातीला तो संघ मर्यादेच्या सुमारे १० कोटी डॉलर वर होता, आणि नेमकी त्याच वर्षी, महामारीत प्रेक्षागृहे रिकामी राहिल्यामुळे, मर्यादा १९ कोटी ८२ लाखांवरून १८ कोटी २५ लाखांवर उतरली. त्यांनी पुन्हा करार ढकलून संघ मर्यादेत बसवला, पुढच्या वर्षी पुन्हा तेच केले, आणि २०२१ ते २०२४ या चारही मोसमांत त्यांना बाद फेरी गाठता आली नाही. संघ म्हातारा होत गेला तरी त्याला मोडून नव्याने बांधता येईना, कारण कोणालाही सोडले तरी जागा मोकळी होण्याऐवजी भारच वाढत होता.

देवगड

बागेत आंब्याची तोड सुरू असल्यामुळे उत्तराला उशीर झाला, पण हा विषय सोडवेना.

हर्णैकरांनी न्यू ऑर्लिन्सचे उदाहरण योग्य दिले, तरी त्यावरून व्हॉइड वर्षे मुळातच वाईट असा निष्कर्ष काढणे मला मान्य नाही. फिलाडेल्फियाचा संघ हे साधन इतरांपेक्षा कितीतरी अधिक वापरतो. त्यांचा क्वार्टरबॅक जेलन हर्ट्स याचा २०२३ मधील पाच वर्षांचा, २५ कोटी ५० लाख डॉलरचा करार अशाच रीतीने बांधलेला आहे. पहिल्या वर्षांत मूळ पगार अगदी कमी, बोनस मोठा आणि शेवटी व्हॉइड वर्षे. तोच संघ ९ फेब्रुवारी २०२५ रोजी कॅन्सस सिटीला ४०-२२ असे हरवून सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकला. न्यू ऑर्लिन्सने निवृत्तीच्या उंबरठ्यावरील खेळाडूंचेही करार ढकलले, तर फिलाडेल्फियाने हर्ट्ससारख्या पंचविशीतील खेळाडूंचे, आणि मला निर्णायक वाटतो तो हा फरक आहे.

दुसरी गोष्ट मर्यादेच्या वाढीची. २०२१ मधील ती घसरण वगळली तर आकडे असे आहेत: २०२२ मध्ये २० कोटी ८२ लाख, २०२३ मध्ये २२ कोटी ४८ लाख, २०२४ मध्ये २५ कोटी ५४ लाख आणि २०२५ मध्ये २७ कोटी ९२ लाख. एक कोटी डॉलरचा भार २०२१ मध्ये एकूण मर्यादेच्या साडेपाच टक्के होता, तोच २०२५ मध्ये सुमारे ३.६ टक्के आहे. ढकललेल्या रकमेवर व्याज लागत नाही आणि मर्यादा मात्र वाढत जाते. त्यामुळे जो खेळाडू नक्की राहणार आहे, त्याचा भार पुढे ढकलणे हा शहाणपणाचा व्यवहार आहे आणि तो न करणारा संघ स्वतःच्या हाताने एक फायदा सोडून देतो. कॅन्सस सिटीने क्वार्टरबॅक पॅट्रिक महोम्सशी २०२० मध्ये दहा वर्षांची मुदतवाढ केली, तिचा एक मोठा लाभ हाच होता की ज्या वर्षी अडचण येईल त्या वर्षी पूर्ण पाच वर्षांची वाटणी हाताशी असते. मर्यादा उतरली त्या २०२१ मध्येच त्यांनी तिचा उपयोग केला.

आपल्या क्वार्टरबॅकला एक व्हॉइड वर्ष जोडून पाहा. १ कोटी ६० लाखांचे ३२ लाखांचे पाच हप्ते होतात आणि मोकळी जागा १ कोटी २० लाखांऐवजी १ कोटी २८ लाख होते. फरक अवघा आठ लाखांचा. ज्याची वर्षे भरपूर उरली आहेत त्याच्या बाबतीत व्हॉइड वर्षांतून फारसे मिळत नाही, आणि ज्याचे एकच वर्ष उरले आहे त्याच्या बाबतीत सगळी जागा त्यांच्यातूनच निघते. टॅकलविषयी मी हर्णैकरांच्याच बाजूने आहे.

मिरकरवाडा, रत्नागिरी

सर्वांचे मनापासून आभार. चित्र बरेच स्पष्ट झाले, पण दोन शंका उरल्या आहेत.

न वापरलेली जागा पुढच्या वर्षात नेता येते, असा नियम आहे. मग क्वार्टरबॅकचे १ कोटी ६० लाखच का, पूर्ण २ कोटी २० लाख का बदलू नयेत? जास्तीचे ४५ लाख वापरले नाहीत तर ते २०२६ मध्ये जातीलच. दुसरी शंका रिसीव्हरची. त्याने कपात नाकारली, तर १ जूननंतरची मुक्तता दाखवून जुन्या बोनसचा भार दोन वर्षांत विभागता येईल का?

वाशिष्ठीकाठ, चिपळूण

पहिली शंका फार चांगली आहे आणि केवळ बेरजेच्या दृष्टीने आपण म्हणता ते बरोबर आहे. जास्तीच्या ६० लाखांच्या रूपांतराने यंदा ४५ लाख अधिक मोकळे होतात, पुढील तीन वर्षांत प्रत्येकी १५ लाख अधिक पडतात आणि न वापरलेले ४५ लाख पुढे नेले की दोन्ही बाजू जुळतात. कित्येक संघ या कारणाने वर्षाच्या सुरुवातीलाच सढळ हाताने रूपांतर करतात, म्हणजे हंगामात कोणी जखमी झाल्यास बदली खेळाडू घ्यायला जागा हाताशी राहते.

बेरीज जुळली तरी दोन गोष्टी बदलतात. आज क्वार्टरबॅक पुढच्या मार्चमध्ये सोडावा लागला, तर जुन्या बोनसचे १ कोटी ५० लाख अंगावर येतील. १ कोटी ६० लाखांच्या रूपांतरानंतर तो आकडा २ कोटी ७० लाख होतो आणि पूर्ण रूपांतरानंतर ३ कोटी १५ लाख. दुसरे म्हणजे मोकळी दिसणारी जागा क्वचितच मोकळी राहते. ऑगस्टमध्ये कोणीतरी चांगला खेळाडू उपलब्ध होतो, ४५ लाख तिथे खर्च होतात आणि पुढे न्यायला काही उरत नाही, पण १५ लाखांचे तीन हप्ते मात्र उरतात. मी हिशेब तपासणारा माणूस असल्यामुळे गरजेपुरतेच रूपांतर करावे असे मला ठामपणे वाटते. क्वार्टरबॅक पुढील चार वर्षे आपलाच राहणार याची आपल्याला पूर्ण खात्री असेल, तर जास्तीचे रूपांतर चूक म्हणता येणार नाही.

दुसऱ्या शंकेचे उत्तर असे. प्रत्येक संघाला वर्षात दोन खेळाडूंना १ जूननंतर मुक्त केल्याचे दाखवून मार्चमध्येच सोडता येते. त्यामुळे रिसीव्हरच्या ८० लाखांपैकी ४० लाख यंदा आणि ४० लाख पुढच्या वर्षी मोजले जातील आणि यंदाची बचत १ कोटीऐवजी १ कोटी ४० लाख होईल. मात्र ती जागा जूनच्या सुरुवातीपर्यंत हातात येत नाही. तोवर त्याचा १ कोटी ८० लाखांचा संपूर्ण भार आपल्या बेरजेत राहतो. आपल्याला मार्चच्या मुदतीत मर्यादेखाली यायचे आहे, त्यामुळे त्या कामासाठी हा मार्ग निरुपयोगी आहे. जूनमध्ये मिळणारी जागा सहसा त्या वर्षी निवडलेल्या नवोदितांचे करार करण्यासाठी वापरतात.

सावंतवाडी

मी गोव्यातील आणि स्पेनमधील फुटबॉल पाहणारा आहे, म्हणून थोडी निराळी बाजू मांडतो. मित्रांच्या स्पर्धेत खेळाडूच्या बाजूने बोलणारा कोणी असतो, हे वाचून फार बरे वाटले.

स्पेनमध्ये ला लिगा ही तिथली अव्वल लीग प्रत्येक क्लबला त्याच्या स्वतःच्या उत्पन्नावरून खर्चाची मर्यादा ठरवून देते. अमेरिकेत सगळ्या संघांना एकच आकडा लागू असतो, तर तिथे २०२१-२२ साठी रेआल माद्रिदची मर्यादा ७३ कोटी ९० लाख युरो आणि बार्सिलोनाची अवघी ९ कोटी ७९ लाख युरो होती. बार्सिलोनाने आदल्या वर्षी काही प्रमुख खेळाडूंशी मुदतवाढ करून पगार पुढच्या वर्षांवर ढकलला होता, पण उत्पन्न कोसळल्यावर मर्यादाही कोसळली आणि ढकललेला भार तसाच राहिला. ५ ऑगस्ट २०२१ रोजी क्लबने मेस्सी राहणार नसल्याचे जाहीर केले. त्यानंतर नव्या खेळाडूंची नोंदणी व्हावी म्हणून जेरार्ड पिकेने मोठी पगारकपात स्वीकारली, तेव्हा कुठे मेम्फिस डिपाय आणि एरिक गार्सिया मैदानात उतरू शकले. उद्याची मर्यादा आजच्याहून मोठीच असेल हे गृहीतक कोणत्या संघाला लागू आहे, याचा विचार करूनच देवगडकरांचा मुद्दा घ्यावा. एनएफएलमध्ये मर्यादा सगळ्या लीगच्या सामाईक उत्पन्नावर आणि दूरचित्रवाणीच्या दीर्घ करारांवर उभी असल्याने तिथे तो बराचसा खरा ठरतो.

रिसीव्हरविषयी माझी विनंती आहे की कपात मागताना अट प्रामाणिक असावी. गेल्या वर्षी त्याने ५२ झेल घेतले असतील, तर ६० झेलांवर काही रक्कम आणि ७० झेलांवर उरलेली, अशी पायरी ठेवावी. १०० झेलांची अट घालून पगार काढून घेणे नियमात बसेल, पण ३१ वर्षांच्या खेळाडूला ते पटणार नाही आणि पुढच्या वेळी आपल्या शब्दाला किंमत राहणार नाही. शिवाय एनएफएलमध्ये करारातील सगळा पैसा हमीचा नसतो. अशा खेळाडूला कपातीच्या बदल्यात उरलेल्या ९० लाखांची पूर्ण हमी दिली, तर त्याच्यासाठी ते मोठे आश्वासन ठरते आणि मर्यादेवर त्याचा कोणताही जादा भार पडत नाही.

मिरकरवाडा, रत्नागिरी

सावंतवाडीकरांची हमीची सूचना लगेच मांडली आणि खेळाडूंच्या बाजूने बोलणाऱ्या मित्राने ती मान्य केली. रिसीव्हर आता ९० लाखांच्या हमीच्या पगारावर राहील, ६० झेलांवर २० लाख आणि ७० झेलांवर आणखी ३० लाख मिळतील. क्वार्टरबॅकचे १ कोटी ६० लाख व्हॉइड वर्ष न जोडता बदलत आहे. टॅकलच्या कराराला हात लावणार नाही. तो हे वर्ष पूर्ण पगारावर खेळेल आणि त्याच्या जागेसाठी यंदाच्या नवोदितांच्या निवडीत (ड्राफ्टमध्ये) एक तरुण खेळाडू घेण्याचा विचार आहे, म्हणजे २०२६ मध्ये ती जागा कोऱ्या पाटीने भरता येईल. यातून १ कोटी ७० लाख पूर्ण होतात.

एक सहकारी म्हणतो की कॉर्नरबॅक घेतल्यावरही माझ्याकडे सुमारे आठ लाखांची जागा उरेल. माझ्या बेरजेत मात्र काहीच उरत नाही.

वाशिष्ठीकाठ, चिपळूण

आपला सहकारी मार्चच्या हिशेबाने बोलतो आहे. हंगाम सुरू होईपर्यंत संघातील सर्वांत महाग ५१ खेळाडूच मर्यादेत मोजले जातात. कॉर्नरबॅक ६० लाखांसह त्या यादीत आला की सर्वांत खालचा एक जण तिच्याबाहेर जातो. तो नवोदितांच्या २०२५ च्या किमान पगारावर, म्हणजे ८ लाख ४० हजारांवर असेल, तर प्रत्यक्ष भार ५१ लाख ६० हजारांनीच वाढतो आणि उरलेले ८ लाख ४० हजार मोकळे दिसतात. सप्टेंबरमध्ये पहिल्या सामन्याआधी मात्र ५३ खेळाडूंचा पूर्ण संघ, जखमींच्या यादीतील खेळाडू आणि सराव संघ हे सगळे मोजायला लागतात. त्यामुळे ती रक्कम आताच कोणाला देऊ नये. निवडीत जो तरुण टॅकल घेणार आहात, त्याचा पहिल्या वर्षाचा भारही त्याच जागेतून जायचा आहे आणि तो पहिल्या फेरीत घेतलात तर एवढी रक्कम पुरणार नाही. तशी वेळ आली तर क्वार्टरबॅकचे आणखी २० लाख बदलण्याची मुभा आपल्या करारात ठेवून घ्या. त्यातून १५ लाख निघतील आणि पुढील तीन वर्षांत प्रत्येकी ५ लाखच वाढतील.